सहावी खाट

हसणं तिला जिन्यातच ऐकू आलं. चार-पाच पोरींचं एकदम फुटलेलं, मध्येच कुणाला तरी ठसका लागलेला, कुणीतरी खाटेवर थापा मारत असलेलं हसणं. मोनिका पायरीवर थांबली. पुढे रेक्टर मॅडम किल्ल्यांचा जुडगा वाजवत चढत होत्या. त्यांना त्या हसण्याचं काहीच नव्हतं, त्यांनी ते हजारदा ऐकलेलं असणार. मोनिका मात्र कान देऊन ऐकत राहिली. हेच, तिला वाटलं, याच्यासाठी तर आलो आपण. मग मॅडमनी दार ढकललं आणि हसणं थांबलं. हळूहळू विरलं नाही, नळ बंद केल्यासारखं थांबलं. पाच चेहरे एकदम वळले आणि तिच्याकडे बघायला लागले. वाईट नजरेनं नव्हे. घरात पाहुणी आली की बघतात तसं, सावरून बसत, ओढण्या सारख्या करत. त्यातली एक 'या ना' असंही म्हणाली. त्या 'या ना'नं तर मोनिकाला अगदीच परकं करून टाकलं, कारण आपल्यातल्या माणसाला कुणी 'या' म्हणत नाही. मॅडम सांगत होत्या, ही मोनिका, तामलवाडीची, डी. फार्म करून डायरेक्ट सेकंड इयरला आलीय, तुमच्याच वर्गात. पाचही जणी माना हलवत होत्या. मोनिका हसायचा प्रयत्न करत होती आणि आपलं हसू चेहऱ्यावर कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं.

खोलीत सहा लोखंडी खाटा होत्या. पाच भिंतींना लागून, आणि सहावी बरोबर मधोमध, पंख्याखाली. मॅडमनी तिच्याकडे बोट दाखवलं, ही रिकामी आहे म्हणाल्या. आता रिकामी म्हणायचं तर त्या खाटेवर तळहात टेकायला जागा नव्हती. उघड्या प्लायवूडवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर लोणच्याची बरणी, कप, इस्त्री, कंगवा, शेंगदाण्याची टरफलं, पालथं घातलेलं फार्माकॉलॉजीचं पुस्तक. दोघी तिच्यावर मांडी घालून बसलेल्या, बाकीच्या आपापल्या खाटेवरून तिच्यावर कोपरं टेकून. विहिरीच्या काठावर बाया बसाव्यात तशा त्या पाचजणी त्या खाटेभोवती बसल्या होत्या. मोनिकानं ते सगळं एका नजरेत पाहिलं. फक्त त्यातून जे कळायला हवं होतं ते तिला तेव्हा कळलं नाही.

मग मॅडमनी तिला व्हरांड्याच्या टोकाची दुसरी खोली दाखवली. दोघींचीच. तिथली दुसरी खाट तेरच्या प्रतीक्षाची होती. प्रतीक्षाचं लग्न झालेलं, सासर तेरलाच. ती प्रॅक्टिकलपुरती यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. तिच्या गादीवर पांघरूण ताणून ठेवलेलं, कपाटाला कुलूप. खिडकीबाहेर काढणीला आलेलं सोयाबीन पिवळं पडलेलं, त्याच्यापलीकडे सोलापूरकडे जाणारा रस्ता. "अभ्यास करायचा असेल तर हीच घे," मॅडम म्हणाल्या. "चिडीचूप असतं इथं. उशिरा आलेल्यांना मी शक्यतो हीच देते. नाहीतर तो मधला बाजार आहेच. लोहाऱ्याची एक मुलगी पाचच्या सुमाराला येतेय, तिलाही याच दोन जागा. जी आधी सांगेल तिची. दिवेलागणीच्या आत काय ते ठरव." आणि तिची ट्रंक आणि वळकटी तात्पुरती त्या चिडीचूप खोलीत ठेवून त्या निघून गेल्या.

चिडीचूप. मोनिका प्रतीक्षाच्या खाटेसमोरच्या उघड्या प्लायवूडवर बसली, लगेच उठली, खिडकी उघडली, बंद केली. फोन वाजला. तिला सकाळी मोटारसायकलवर ट्रंकेसकट आणून गेटवर सोडून गेलेला भाऊ, कुमार. "घावली का खोली?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, दोन हायत, ठरवायचं हाय. एकटीची मिळत असंल तर डोळं झाकून घे, कुमार म्हणाला. "नशीब लागतंय त्याला. म्या सोलापुरात आठजणांत ऱ्हायलो, माझी चप्पलसुदीक माझी नव्हती." मागून आईचा आवाज आला, हरणाबाईचा, जागा खिडकीची हाय का इचार. आईच्या मते जगातली कुठलीही जागा खिडकीची असली की चांगली असायची. मोनिका म्हणाली, व्हय, खिडकी हाय. फोन ठेवल्यावर खोली पुन्हा चिडीचूप झाली, आणि तिला ती शांतता ओळखीची वाटली.

म्हाळसा आत्याच्या घराला हीच शांतता होती. मोनिका सात वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेसाठी तामलवाडीत आत्याकडे ठेवलं आणि बाकीचं घर मेंढरांमागे गेलं. बाप धुळाप्पा, हरणाबाई, थोरला कुमार, घोडी, कुत्री, सगळे. आत्या वाईट नव्हती. वेळेवर भाकरी द्यायची, वेणी घट्ट घालायची, कधी हात उगारला नाही. तिला बोलण्यात रस नव्हता, एवढंच. दिवस मावळला की कडी लावायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. त्याआधीची सात वर्षं मोनिका रानात, उघड्यावर, एका ओळीत झोपली होती. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला कधी चुलती कधी चुलतबहीण, पायाशी कुत्रं, आणि जाळीच्या आत रवंथ करणारी मेंढरं. कुणी कुशीवर वळलं की सगळी ओळ वळायची. आत्याच्या घरी पहिल्यांदा ती एकटी वळली आणि कुणीच वळलं नाही. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? शाळेचं नाव होतं, पोरगी शिकत होती, बाप चारचौघांत सांगत होता.

आणि नंतर तरी काय झालं, डी. फार्मच्या वर्षांत? तामलवाडीहून तुळजापूरकडच्या कॉलेजला रोज एस.टी.नं जाणं-येणं. परतीची थेट गाडी साडेचारला. आणि कॉलेजात जे काही व्हायचं ते नेमकं साडेचारनंतर. वाढदिवस, नाटकाची तालीम, कुणाचं तरी जमलं, कुणाचं तरी मोडलं, कँटीनमागच्या कट्ट्यावरच्या सगळ्या गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गप्पांची उरलेली हसणी वर्गात फिरायची आणि मोनिका विचारायची, काय गं, काय झालं? 'अगं काय नाही, तू नव्हतीस ना.' हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की तिला ते आपलं आडनाव वाटायला लागलं होतं. सर शिकवताना मध्येच थांबून म्हणायचे, मोनिका, तुझी गाडी. सगळे हसायचे, ती पण हसायची, आणि पळायची. निरोपसमारंभाच्या फोटोत ती नाही. फोटो पाचला काढला.

एक मात्र त्या एस.टी.नं तिला शिकवलं. जागा धरायला. गाडी स्टँडात थांबायच्या आधीच खिडकीखाली धावायचं, ओढणी काढून आत सीटवर टाकायची. मग दारात कितीही रेटारेटी होवो, सावकाश चढायचं. ओढणी पडली की ती जागा तिची. धोतरवाला म्हातारा असो की कॉलेजचा टगा, कुणी त्या ओढणीला हात लावायचा नाही. फार तर कुरकुरायचे, पण मानायचे. सगळ्या स्टँडात मोनिकाची हिरवी ओढणी प्रसिद्ध होती. ती नेहमी बसून गेली, नेहमी खिडकीत, नेहमी काचेला डोकं टेकून. जागा कधी चुकली नाही. माणसं तेवढी चुकली.

म्हणून तर डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागल्यावर बाप म्हणाला, रोज जाऊन-येऊन कर की, धाराशिव काय लांब हाय, तेव्हा ती पहिल्यांदा बापासमोर मोठ्यानं बोलली. न्हाय, म्हणाली. म्या तिथंच ऱ्हाणार. धुळाप्पाला वाटलं पोरीला अभ्यास करायचाय. तिनं तसंच वाटू दिलं. माणसं हवीत म्हणून हॉस्टेल हवंय, हे बापाला सांगायचं कसं? लाज वाटली असती. आताही, त्या टोकाच्या खोलीत येरझाऱ्या घालताना, तिला थोडी लाजच वाटत होती. वीस वर्षांची घोडी झालेय आणि पोरींच्या हसण्यामागे लागलेय.

पण पाय थांबत नव्हते. व्हरांड्यातून ते हसणं पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. दार लोटलेलं असल्यामुळे बोथट, पण तेच. आता काय बोलत असतील? आपल्याबद्दल? मोनिका आरशासमोर उभी राहून वाक्यं घोटायला लागली. मी मोनिका. तुमच्यात एक खाट आहे ना. तुमची हरकत नसेल तर. छे, हरकत कशाला म्हणायचं, असलेली हरकत उगाच आठवेल. आणि घरी काय असतं विचारलं तर? शेती. डी. फार्मला असताना तिनं नेहमी शेतीच सांगितलं होतं. खोटंही नव्हतं, दीड एकर होतं. तिनं वळकटीकडे पाहिलं आणि तिची ओढणी आपोआप नाकाशी गेली. नव्या गादीच्या पोटात आईनं घोंगडी गुंडाळून दिली होती. मोनिका नको नको म्हणत होती तरी. "न्हाय म्हनू नगं," हरणाबाई म्हणाली होती, "थंडीत माझी आठवन काढशील." घोंगडीला मेंढराचा वास होता. घरात असताना तो कधी आला नव्हता. इथे, फरशी पुसलेल्या खोलीत, तो वळकटीच्या टोकातून सरळ बाहेर येत होता, आणि तिला वाटत होतं की सगळ्या मजल्याला तो येत असणार.

एकट्याच्या खोलीत वास कुणाला येणार नाही. हा विचार आला आणि ती मटकन खाली बसली. झालं की मग. घ्यावी हीच. खिडकी आहे, आई खूश. अभ्यास होईल, बाप खूश. वर्गात जाऊन मैत्री करता येत नाही थोडीच? जेवायला त्यांच्यात जायचं, दार वाजवून. दार वाजवायचं, हसणं थांबायचं, या ना म्हणायच्या. जाताना बरं येते म्हणायचं, आणि दाराबाहेर पडलं की पाठीमागे हसणं पुन्हा सुरू व्हायचं. रोज. तीन वर्षं.

तेवढ्यात खाली गेटशी रिक्षा थांबली. मोनिका खिडकीशी धावली, पण ही खिडकी रस्त्याच्या बाजूची, गेट दिसत नव्हतं. व्हरांड्यात येऊन वाकली तर रिक्षातून एक मोठी बॅग उतरत होती आणि बॅगेमागे कुणीतरी पंजाबी ड्रेसवालं. लोहाऱ्याची! जी आधी सांगेल तिची. पुढचं मोनिकानं ठरवून केलं नाही, तिच्या पायांनी केलं. इतकी वर्षं खिडकीखाली धावलेल्या पायांनी. वळकटी खांद्यावर घेतली, व्हरांडा पळत गाठला, त्या दाराला ढुसणी दिली आणि लोणच्याच्या बरणीला वाचवून, वर्तमानपत्रावर, टरफलांवरच, त्या मधल्या खाटेवर धाडकन टाकली. पडली. जागा धरली.

खोलीत पाचजणींतली एकटीच होती, फलक. ती आपल्या खाटेवर उभी राहून वरच्या माळ्यावरून काहीतरी काढत होती. बाकीच्या चौघी डबे आणायला स्टँडवर गेल्या होत्या. फलक तशीच हात वर करून बघत राहिली. "म्या... मी इथं राहणार हाय," मोनिका धापा टाकत म्हणाली. घोटलेलं एकही वाक्य जागेवर आलं नाही.

"हां. राहा ना," फलक खाली उतरली. "जागा तर तुझीच ए. आमचं सामान उगं पसरलंय." आणि ती भराभरा उचलायला लागली. बरणी, कप, इस्त्री, पुस्तक. इतक्या भराभर की मोनिकाला म्हणताही आलं नाही, राहू दे. शेवटी फलकनं वर्तमानपत्र चारी टोकांनी धरून टरफलांसकट गोळा केलं. खालच्या प्लायवूडवर तेलाचे डाग होते, कपांची गोल गोल वर्तुळं होती, एका कोपऱ्यात पेनानं काढलेला सापशिडीचा पट होता. फलकनं त्यावरून ओला कपडा फिरवला. "ह्या खाटेला आम्ही दस्तरखान म्हणत होतो, जेवायला पसरतात तो कपडा," ती म्हणाली, हसली, आणि कागदाचा गोळा टाकायला बाहेर गेली. 'म्हणत होतो' हे मोनिकाला टोचलं. पण तिनं ते झटकलं. आधी पथारी. गादी पसरली, घोंगडी सगळ्यात खाली दडपली, वर गुलाबी फुलांची नवी चादर ताणून चारी बाजूंनी खोचली, उशी ठेवली. एवढ्यात व्हरांड्यातून खालचं बोलणं ऐकू आलं. रिक्षातून उतरलेली बाई कुणाची तरी मावशी होती, भाचीला भेटायला आलेली. लोहाऱ्याची मुलगी अजून आलीच नव्हती. मोनिका चादरीवर बसली. जागा पक्की झाली होती.

चौघी आल्या. फलक धरून पाचही जणी कळंबकडच्या. रोज दुपारी त्यांच्या आया कळंबच्या स्टँडवर डबे आणून द्यायच्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली पिशव्यांची ओळ लागायची आणि संध्याकाळी इकडे पोरी ती उतरवून घ्यायच्या. फलकची अम्मीसुद्धा एस.टी.च्या डब्यात फक्त भाजी-भाकरीच पाठवायची, कारण डबा एकटीचा नसतो हे तिला माहीत होतं. हे सगळं मोनिकाला नंतर कळलं. त्या क्षणी तिला दिसलं ते एवढंच, की चौघी दोन्ही हातांत कापडी पिशव्या घेऊन बोलत बोलत दारात आल्या, सवयीनं सरळ मधल्या खाटेशी आल्या, पिशव्या ठेवायला हात खाली केले, आणि गुलाबी फुलांवर आल्यावर हात तसेच वर घेतले. बोलणं थांबलं.

"अगं, घेतली का खाट?" पुढची उंच मुलगी म्हणाली. तिचं नाव शिवप्रिया, हे दुपारी मॅडमनी सांगितलं होतं. "बरं झालं." मनापासून म्हणाली असावी, कदाचित. मग सगळ्या क्षणभर उभ्या राहिल्या, नवीन गावात उतरल्यासारख्या. खाली बसावं तर सहा खाटांच्या मधून जेमतेम चालायपुरती वाट. शेवटी ज्या त्या आपापल्या खाटेवर गेल्या. प्रत्येकीनं आपल्या गादीचं पायथ्याकडचं टोक दुमडलं, उघड्या फळीवर डबा ठेवला, आणि भिंतीला पाठ लावून एकेकटी जेवायला लागली. चमचे वाजत होते. पंखा कुरकुरत होता. मधोमध चादरीवर मोनिका बसली होती. "इथं ठेवा की डबे," ती म्हणाली, चादरीवर हात थोपटत. "बसा की वर. म्या सरकते."

"अंथरुणावर?" शिवप्रिया म्हणाली. "नको गं. अंथरुणावर जेवू नये. लक्ष्मी रागावती म्हणते माझी आई."

"माझी अम्मी पण तेच म्हणती," फलक म्हणाली. "फक्त लक्ष्मी न म्हणता बरकत जाती म्हणती." एकदोघी हसल्या, पण आपल्या डब्यात बघून.

मोनिकाच्या घरीही हेच म्हणत. तिला माहीत होतं. जगात कुठल्या घरात अंथरुणावर ताट ठेवू देतात? आणि तरी तिनं विहिरीवर जाऊन विहिरीच्या तोंडावरच पथारी टाकली होती. आता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं ते तिच्यावरून जायला लागलं. हे जरा शिवप्रियाला दे. ही चटणी फलककडे. भरलेल्या गाडीत पुढच्याचे पैसे मागे आणि मागचं तिकीट पुढे देणाऱ्या माणसासारखी ती वाट्या इकडून तिकडे देत राहिली. 'तू पण घे ना,' प्रत्येकीनं म्हटलं. 'न्हाय, जेवले मी,' ती म्हणाली. जेवली नव्हती. ट्रंकेत आईची भाकरी आणि शेंगाचटणी तशीच होती, आणि ती ट्रंक टोकाच्या खोलीत. कुणीही तिच्याशी वाईट वागत नव्हतं. रडू यायला तेवढं पुरेसं होतं. वाईट वागल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. तिला जागा मिळाली होती, अगदी मधली, पंख्याखालची, आणि ज्यासाठी जागा हवी होती ते तिच्या वजनाखाली मेलं होतं.

खालून मॅडमची हाक आली. "मोनिकाऽ! ही लोहाऱ्याची मुलगी आली बघ. तुझं ठरलं का? टोकाची देऊ का तिला?"

मोनिका उठली. अजून होतं. अजून टोकाची खोली होती. ती म्हणाली, "आले, मॅडम, सांगते," आणि चादर ओढून काढली. खोलीत काहीतरी सैल झालं. ते तिला पाठीवर जाणवलं. फलक तर डबा बाजूला ठेवून उठलीच. "चालली का? ट्रंक तिकडंच ए ना तुझी? उशी दे, मी आणती." तिच्या मदतीला किती घाई होती. त्या घाईचाच मोनिकाला राग आला, खरा खरा राग, दिवसभरातला पहिला. तिनं उशी दिली नाही. खाली वाकून गादी गुंडाळायला लागली. घोंगडी पोटात, गादी बाहेर, पायाकडून डोक्याकडे, प्रत्येक वेटोळ्याला गुडघा दाबून, मग दोरी आडवी, मग उभी, मग गाठ. हात आपोआप चालले होते. हे ती आत्याच्या घरी शिकली नव्हती. तिथे अंथरूण दिवसभर पडून असायचं, कोपऱ्यात, स्वतःच्या जागेवर. हे त्याआधीचं होतं. तांबडं फुटायच्या आत आई सगळी ओळ उठवायची आणि सगळ्यांच्या पथाऱ्या गुंडाळून घोडीवर चढायच्या. रात्री मोनिका जिथे झोपली तिथेच सकाळी तीन दगडांची चूल पेटायची, तिथेच सगळे ताटल्या घेऊन बसायचे, तिथूनच मेंढरं निघायची. ही माझी झोपायची जागा असं दिवसा कुणाला बोट दाखवता आलं नसतं. आणि रात्री प्रत्येकाला असायची.

तिनं गाठ आवळली आणि वळकटी उभी केली. खाटेच्या उशाशी, भिंतीला नव्हे, खाटेवरच, दांडीला टेकवून. मग खाली सांडलेली चादर उचलून घडी केली. फलक अजून हात पुढे करून उभी होती.

"हात कशाला पुढं केलाय," मोनिका म्हणाली. आवाज वाजवीपेक्षा मोठा आला. "म्या कुठं न्हाय चालले. हे दिवसा असंच उभं ऱ्हाईल. झोपायच्या येळंला टाकीन. तुमी डबे ठेवा."

"रोज गुंडाळणार?" शिवप्रियानं विचारलं. घास तिच्या हातातच होता.

"आमच्यात रोजच गुंडाळतेत."

"तुमच्यात म्हणजे?"

शेती हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. वळकटीच्या टोकातून काळ्या घोंगडीची किनार बाहेर लोंबत होती आणि गुंडाळताना हललेला वास आता खोलीभर झाला होता. तिला तरी तसंच वाटत होतं. पाच चेहरे पुन्हा तिच्याकडे लागले होते. "मेंढरं हायत आमची," मोनिका म्हणाली. "आई-बाप त्यांच्या मागं फिरतेत. आज एका रानात, उद्या दुसऱ्या. म्हणून गुंडाळायची सवय. वास येतोय तो घोंगडीचा हाय. धुतली तरी जात न्हाय."

आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं. फलक वाकली, तिनं वळकटीला सरळ नाक लावलं. "येतोय खरं," ती म्हणाली. "बकरीदच्या आधी आमच्या अंगणात असाच येतो." मग तिनं माळ्यावरून नवं वर्तमानपत्र काढलं, झटकलं, आणि प्लायवूडवर पसरलं. पहिला डबा एका चष्मेवाल्या मुलीनं ठेवला, मग दुसरा, मग बरणी आपली जागा शोधत आली. गाद्यांची दुमडलेली टोकं सरळ झाली. मोनिका ट्रंकेतून भाकरी आणायला म्हणून पळत टोकाच्या खोलीत गेली, येताना कठड्यावरून वाकली आणि ओरडली, "मॅडम, टोकाची तिला द्या! मी मधल्या खाटेवर!" खाली उभ्या असलेल्या लोहाऱ्याच्या मुलीनं वर पाहिलं. तिच्या हातात एकच पिशवी होती आणि चेहऱ्यावर वाट चुकल्याची कळा. मोनिकाला ती कळा ओळखता आली. बोलवायला हवं हिला जेवायला. पण आपण कोण बोलावणार? अजून आपलंच काय?

भाकरीचं गाठोडं घेऊन ती दारात आली आणि थांबली. खाटेभोवती पाचही जणी गच्च बसल्या होत्या. फलक वळकटीला लोडासारखी टेकून, एक पाय सोडून बसली होती. शिवप्रिया हातवारे करत वर्गातल्या कुठल्या तरी सरांची गोष्ट सांगत होती. सरांनी म्हणे अडुळशाच्या पानाऐवजी कडुनिंबाचं पान सगळ्या वर्गाला ओळखायला लावलं. बाकीच्या हसून लोळायच्या बेतात होत्या. कुणी दाराकडे बघितलं नाही. मोनिकासाठी ठेवलेली अशी जागा कुठेच नव्हती. तिचे पाय जुन्या सवयीनं मागे फिरायला बघत होते. आत जाऊन उभं राहिलं तर हसणं थांबेल. थांबेल, पाच चेहरे वळतील, कुणीतरी या ना म्हणेल, कुणीतरी उठेल. ते तिला पुन्हा नको होतं. ते आता एकदाही सहन झालं नसतं. इतक्या वर्षांच्या प्रवासात तिला कधी कुणाला म्हणावं लागलं नव्हतं, कारण तिची ओढणी आधीच पडलेली असायची. बाकी सगळी गाडी मात्र रोज एकमेकांना तेच म्हणत जायची, अनोळखी माणसं अनोळखी माणसांना, बिनधास्त.

ती आत गेली, शिवप्रियाच्या मागे उभी राहिली आणि तिच्या खांद्याला कोपर लावलं.

"सरक की जरा," ती म्हणाली.

शिवप्रिया तेव्हा सरांची नक्कल करत होती, हातात नसलेलं पान नाकाशी धरून. तिनं बोलणं थांबवलं नाही. वळून पाहिलंही नाही. नुसती सरकली.